घरी नाही ती

फार फार जुनी गोष्ट. इतकी जुनी, की त्या गावाचं नाव सांगणारंही आता कुणी उरलेलं नाही. गावाबाहेर ओढ्याच्या काठी एक विणकर राहत असे. कामाला पक्का, बोलायला कंजूष. त्याची बायको सुईण होती. पाच गावांतली निम्मी पोरं तिच्याच हातात पहिल्यांदा रडलेली. हाक आली, की ती पदर खोचून निघायची.

एके वर्षी तीन दिवसांच्या तापात ती गेली. विणकराने दोन भाऊ आणि मेहुणा, एवढ्यांनाच बोलावलं. तिला अग्नी दिला आणि घरी येऊन दाराला कडी घातली.

मेहुणा म्हणाला, "दाजी, गावोगावी सांगावा धाडायला नको? माणसं भेटायला येतील."

"येऊन काय करतील? रडतील! रडून गेलेलं माणूस परत येतं का?"

अशा घरी त्या दिवशी चूल पेटत नाही, म्हणून शेजारीण पिठलं-भाकरी घेऊन आली. त्याने तिला दारातूनच परत पाठवलं. "मला हातपाय आहेत," म्हणाला. स्वतः चूल पेटवली, भाकरी खाल्ली आणि मागावर बसला. मोठा शहाणा!

चौथ्या दिवशी परगावचा एक माणूस दाराशी आला. "सुईणबाई आहेत का?"

विणकर उंबऱ्यात उभा राहिला. 'गेली' एवढंच सांगायचं होतं, पण ते काही केल्या तोंडातून निघेना.

"घरी नाही ती," तो म्हणाला.

"मग थांबतो की," म्हणत माणूस ओट्यावर बसला. बसला, कंटाळला, निघून गेला.

मग रोज कुणी ना कुणी येऊ लागलं. कुणी बारशाचं आमंत्रण घेऊन, कुणी नुसतंच पोर दाखवायला. विणकराचं उत्तर ठरलेलं. होता होता असं झालं, की वाटेवर पाऊल वाजलं, की त्याच्याच हातातला धोटा थांबायचा आणि कान दाराकडे लागायचे. भाकऱ्या तो दोघांच्या थापू लागला. मागावरचं लुगडं काही पुरं होईना.

एके सकाळी डोंगरातल्या वाडीचा एक तरुण धापा टाकत आला. "बायको अडलीय माझी. सुईणबाईंना चला म्हणावं!"

"घरी नाही ती."

"येतील ना एवढ्यात? मग थांबतो."

तो बसलासुद्धा नाही. वाटेकडे डोळे लावून उभाच राहिला. ऊन डोक्यावर आलं, तेव्हा त्याला रडू फुटलं. "पलीकडच्या खोऱ्यात दुसरी सुईण आहे हो. पण आई म्हणाली, हात असावा तर यांचाच. म्हणून थांबलोय."

विणकर उंबरा ओलांडून धावत ओट्यावर आला. "पळ, पोरा! पळ त्या खोऱ्यात! ती यायची नाही आता. मेली रे ती!"

तरुणाने एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि तो धावत सुटला.

बाळ जगलं. बाळंतीण मरता मरता वाचली. तिसऱ्या दिवशी तरुणाची म्हातारी आई काठी टेकत डोंगर उतरून आली आणि ओट्यावरूनच कडाडली, "अरे मेल्या, 'गेली' म्हणायला जीभ झडली असती का तुझी?"

"चुकलं, मावशी. पण रडून काय माणूस परत येतं?"

"नाही येत, ठाऊक आहे आम्हाला. तुझी न रडता आली का?"

विणकर उंबऱ्यातच खाली बसला.

म्हातारीचा आवाज जरा उतरला. "माणसं काय तिला परत आणायला येतात? ती गेली, हे एकट्याला पेलत नाही, म्हणून येतात बाबा. उद्या चूल पेटवू नकोस. आणि ती कडी काढून ठेव."

तिने पाचही गावांत सांगावा धाडला. दुसऱ्या दिवशी ओट्यावर पाय ठेवायला जागा उरली नाही. जो तो फडक्यात भाकरी बांधून आला होता. कुणी तिचा हात आठवला, कुणी तिच्या शिव्या. एक बाई म्हणाली, "कळा असह्य झाल्या, की मुद्दाम बेसूर गायची हो. हसवायची आम्हाला."

"गायची?" विणकर म्हणाला. "घरात कधी गायली नाही!" तो हसला, आणि हसता हसता हंबरडा फोडून रडला. त्याला कुणी गप्प केलं नाही. मग दारातून परत पाठवलेल्या त्याच शेजारणीने पिठलं-भाकरीचा घास त्याच्यापुढे धरला. त्याला कडू घास म्हणतात. त्याने तो खाल्ला.

अशा घरून निघताना 'येतो' म्हणत नाहीत. दिवस कलला, तशी माणसं मुकाट्याने उठून गेली.

काही दिवसांनी लांबचा एक वाटसरू दाराशी आला. "सुईणबाई आहेत का?"

"गेली ती," विणकर म्हणाला. "पलीकडच्या खोऱ्यात दुसरी आहे. चल, वाट दाखवतो."

परत येऊन त्याने लुगडं पुरं केलं आणि भाकऱ्या थापल्या. एकट्यापुरत्या.

लहानथोरांनी ध्यानात ठेवायचं ते एवढंच: गेलेल्याला चारचौघांत निरोप द्यावा, नाहीतर राहिलेला जन्मभर दाराकडे कान लावून बसतो.