पडून असलेले वल्हे

नदीच्या वळणावर वसलेल्या एका गावात अंतोबा नावाचा एक नावाडी राहत होता. थंडीच्या दिवसांत तिथे धुके इतके दाट पडे, की दुपार झाली तरी पलीकडचा काठ दिसत नसे. उतारू क्वचितच येत. अंतोबा होडीत बसून पाण्याकडे बघत राही. होडीच्या तळाशी पाणी हळूच गुडगुडे, वर धुक्याचे लोट उठत, आणि त्याला वाटे, ही नदीच सकाळपासून तंबाखू ओढत बसली आहे.

असे बघता बघता त्याच्या मनात एक इच्छा रुजली. अशाच मऊ आवाजाची एक गुडगुडी आपल्याजवळ असावी. बाजारातल्या गुडगुड्या त्याने ओढून पाहिल्या होत्या. एखादी खरखरे, एखादीतून पाणीच तोंडात येई. तेव्हा गुडगुडी आपण घरीच करायची, असे त्याने ठरवले.

पाण्यासाठी नारळाची करवंटी सहज मिळाली. खरे काम होते नळीचे. हातभर लाकूड गोल तासायचे आणि त्याला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत आरपार भोक पाडायचे. हात तांदळाच्या दाण्याएवढा कलला, तरी भोक मध्येच बाहेर फुटणार. त्यासाठी घरी चरक उभा करायला हवा होता. फळीवर दोन खुंट रोवायचे, त्यांच्यामध्ये लाकूड अडकवायचे, धनुकलीच्या दोरीने ते गरगर फिरवायचे आणि फिरत्या लाकडावर पाते धरायचे. एका कातार्‍याच्या दारात उभे राहून अंतोबाने हे सगळे नीट पाहून घेतले होते.

मग तो घरात नजर फिरवू लागला.

गोठ्याच्या दाराचा अडसर कापून त्याने दोन खुंट केले. शेळ्या विकून झाल्या होत्या, अडसर नुसता भिंतीला टेकलेला होता. धनुकलीला माळ्यावरच्या पाळण्याची दोरी घेतली. तासायला थोरल्या विळीचे पाते काढले. भोक पाडायला छत्रीची लोखंडी दांडी दगडावर घासून टोकदार केली.

“अहो, छत्री कुठं आहे?” त्याची बायको भागीरथी विचारू लागली.

“पडून होती. पाऊस कुठं आहे आता?”

“आणि विळी?”

“तीही पडूनच होती. लग्नकार्याशिवाय कोण काढतं तिला?”

भागीरथीने दांडी काढलेल्या छत्रीच्या कापडाची घडी घातली. मग म्हणाली, “दुपारची मी जरा पडते, ते आता बंद करते. नाहीतर मलाही उचलून चरकाला जोडाल.”

अंतोबा हसला. त्याला राग येत नसे आणि त्याचे लक्षही नसे. त्याच्या कानात ती मऊ गुडगुड वाजत असे.

सगळे जमले, फक्त खालची फळी जमेना. लाकूड ओले असले की वाकायचे. जुने असले की चिरायचे. एके सकाळी होडीत बसल्या बसल्या त्याचा हात कडेला आडव्या ठेवलेल्या दुसऱ्या वल्ह्यावर पडला. ते सागवानी वल्हे त्याच्या वडिलांनी घडवले होते. सरळ, मुरलेले, रुंद पात्याचे. हातातले वल्हे मोडले तर असावे म्हणून ते तिथे असे. पण अंतोबाच्या आठवणीत ते कधी पाण्याला लागले नव्हते. हातातल्या वल्ह्याला मानेशी बारीक चीर गेली होती, हे त्याला ठाऊक होते. ते दुरुस्त करू, तोवर दुसरे आहेच, असे तो मनाशी म्हणत आला होता.

त्याने त्या लाकडावरून हात फिरवला.

“पडूनच तर आहे,” तो शेवटी पुटपुटला.

करवत चालवताना सागाचा वास घरभर दरवळला. भागीरथी उंबऱ्यात येऊन उभी राहिली. मग ती आत गेली आणि धान्याच्या कणगीचे झाकण उघडून बंद केल्याचा आवाज आला.

चरक सुरेख झाला. लाकूड लोण्यासारखे फिरे, भुशाचा पिवळा पाऊस पडे. एका दुपारी नळी जवळजवळ पुरी झाली. दोरीच्या त्या एकसुरी घरघरीत अंतोबाचे डोळे मिटले.

स्वप्नात तो होडीत होता आणि समोर उतारू बसले होते. अडसर मान ताठ करून बसला होता. शेजारी पाळण्याची दोरी वेटोळे करून बसली होती. छत्री अंग चोरून बसली होती.

“तुम्ही सगळे तर पडून होता,” अंतोबा त्यांना म्हणाला.

“तूही आता पडलाच आहेस,” छत्री म्हणाली. “न्यायचं का तुला उचलून?”

वल्हे सगळ्यांत मागे होते. ते हळू आवाजात म्हणाले, “मी पडून नव्हतो रे. मी वाट बघत होतो.”

तेवढ्यात धुक्यातून हाक आली. “होऽऽ अंतोबा!”

हाक स्वप्नातली नव्हती. पलीकडच्या काठावरून हौसाक्का सुईण ओरडत होती. गावातल्या कुंभाराची सून सकाळपासून अडली होती, आणि सकाळच्या उतारूबरोबर पलीकडे धाडलेला निरोप हौसाक्काला आत्ता पोचला होता. अंतोबा धावत होडीकडे गेला. त्याने पलीकडे जाऊन तिला घेतले आणि होडी परत वळवली.

“जरा घाई कर बाबा,” ती म्हणाली. “पहिलटकरीण आहे.”

अंतोबाने जोर लावला. नदीच्या मध्यावर वल्हे मानेशी कडाड्कन मोडले. पाते पाण्याबरोबर धुक्यात निघून गेले. होडी आडवी झाली आणि खालच्या बंधाऱ्याकडे वाहू लागली. बंधाऱ्याखाली नुसते खडक होते.

अंतोबाने सवयीने हात कडेला नेला. हात रिकाम्या लाकडावर पडला.

“अरे, दुसरं वल्हं?” हौसाक्काने विचारले.

अंतोबाने मोडक्या दांड्याने पाणी मारून पाहिले, होडीला काही कळलेच नाही. पाण्याची गुडगुड त्याला आता ऐकवेना.

“अहो! इकडं बघा, जांभळीखाली!”

वळणावर प्रवाह काठाच्या जवळून जाई. वल्हे मोडल्याचा आवाज ऐकून भागीरथी तिथे पळत आली होती. धुक्यातून एक दोर सरसरत आला आणि होडीत पडला. अंतोबाने तो दोन्ही हातांनी धरला. भागीरथीने दुसरे टोक जांभळीला गुंडाळले होते. होडी हिसका खाऊन थांबली आणि हळूहळू काठाला लागली.

हौसाक्का उतरली ती थेट कुंभाराच्या घराकडे गेली.

अंतोबा ओल्या दोराकडे बघत राहिला. तो जुन्या विहिरीचा होता. ती विहीर कधीच आटली होती.

“हा कुठं होता?” त्याने विचारले.

“कणगीत, दाण्याखाली,” भागीरथी म्हणाली. “तुमच्या नजरेपासून लपवला होता. दिसला असता तर पडून आहे म्हणाला असता.”

दोघे जांभळीखाली बसून राहिले. बऱ्याच वेळाने धुक्यापलीकडून बारीक रडणे ऐकू आले. अंतोबाने डोळे पुसले.

दुसऱ्याच दिवशी त्याने चरक मोडला. विळीचे पाते विळीला बसवले, दोरी पाळण्याला बांधली आणि तो पाळणा कुंभाराकडे नेऊन दिला. कापलेले वल्हे काही जोडता येईना. म्हणून त्याने साग आणून दोन नवी घडवली आणि एक होडीच्या कडेला आडवे ठेवले. गुडगुडी पुढच्या थंडीत झाली, जंगलातून स्वतः आणून वाळवलेल्या लाकडाच्या चरकावर. तिचा आवाज अगदी त्याला हवा तसा निघाला.

कधी एखादा उतारू पाय पसरताना म्हणे, “हे वल्हं कशाला मध्ये? नुसतं पडलेलं असतं.”

“पडलेलं नाही,” अंतोबा म्हणे. “वाट बघतंय. पाय तेवढा काढा.”

तात्पर्य: रोज हाताशी येत नाही म्हणून कोणतीही वस्तू निकामी समजू नये, वेळ येईपर्यंत जागेवर असणे हेच काही वस्तूंचे काम असते.