पिल्लाच्या वरच्या लाह्या

बाजाराच्या कडेला एक बीळ. बिळात राहायची चिंगी चिचुंद्री. तिच्या कुशीत एक पिल्लू. इवलंसं. त्याला अजून दातच नव्हते.

चिंगी रोज बाजारात जायची. तुरुतुरु, तुरुतुरु. तिथे राघूमामाची भट्टी होती. चिंगी भट्टीत जाळायला काड्या आणून द्यायची. मामा तिला पुडीभर फुटाणे द्यायचा. आणि वर चिमूटभर लाह्या. मागाव्या लागत नसत. रोजचं गिऱ्हाईक ना ती.

फुटाणे चिंगीचे. लाह्या पिल्लाच्या. मऊ मऊ, दात नसले तरी चालतं.

एक दिवस मामाने फुटाणे दिले. लाह्या दिल्याच नाहीत. नुसता म्हणाला, "आभारी आहे, चिंगी. उद्या ये हं."

आभार का कुठे खाता येतात? पिल्लू उपाशी राहिलं. चीं चीं रडलं. चिंगीला फार वाईट वाटलं. पुडी घेऊन ती परत निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

"राघूमामा, राघूमामा, लाह्या दे.
माझं भुकेलं पिल्लू निजेना."

मामा म्हणाला, "कुठून देऊ? गिरजाआत्या ज्वारी मोजून वर एक मूठ घालायची. त्या मुठीच्या मी लाह्या फोडायचो. आता ती मूठ घालीना."

चिंगी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. गिरजाआत्या ज्वारी विकत होती.

"गिरजाआत्या, गिरजाआत्या, मूठ घाल.
राघूमामा लाह्या देईना,
माझं भुकेलं पिल्लू निजेना."

आत्या म्हणाली, "मी का घालू? केरबादादा तेल मोजून वर एक धार सोडायचा. आता तो धार सोडीना."

चिंगी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. केरबादादाचा घाणा फिरत होता. कुईं कुईं, कुईं कुईं.

"केरबादादा, केरबादादा, धार सोड.
गिरजाआत्या मूठ घालीना,
राघूमामा लाह्या देईना,
माझं भुकेलं पिल्लू निजेना."

दादा म्हणाला, "मी का सोडू? सारजामावशी मडकी देऊन वर एक पणती द्यायची. आता ती पणती देईना."

चिंगी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. पाय दुखायला लागले. सारजामावशी मडकी थापत होती. थप थप, थप थप.

"सारजामावशी, सारजामावशी, पणती दे.
केरबादादा धार सोडीना,
गिरजाआत्या मूठ घालीना,
राघूमामा लाह्या देईना,
माझं भुकेलं पिल्लू निजेना."

मावशी म्हणाली, "कशाची देऊ? गाढवोबा मातीची वरची खेप आणायचा. तिच्या पणत्या व्हायच्या. आता तो खेप आणीना."

गाढवोबा लिंबाखाली उभा होता. मान खाली घालून.

"गाढवोबा, गाढवोबा, खेप आण.
सारजामावशी पणती देईना,
केरबादादा धार सोडीना,
गिरजाआत्या मूठ घालीना,
राघूमामा लाह्या देईना,
माझं भुकेलं पिल्लू निजेना."

गाढवोबा हळूच म्हणाला, "मी रोज ओझं वाहतो. मावशी म्हणते, शाबास. शाबास का कुठे खाता येतं?"

चिंगीलाही तर तसंच वाटलं होतं. तिने पुडी सोडली. आपले सगळे फुटाणे त्याच्यापुढे ठेवले.

"खा," ती म्हणाली. "हे वरचे. तुझे."

कुडुम. एवढ्याशा फुटाण्यांनी गाढवाचं काय होणार? पण त्याने मान वर केली. कान हलवले. आणि चालू लागला.

गाढवोबाने वरची खेप आणली.
सारजामावशीने वरची पणती दिली.
केरबादादाने वरची धार सोडली.
गिरजाआत्याने वरची मूठ घातली.
राघूमामाने लाह्या फोडल्या. तड तड, तड तड.

चिंगीने मावशीला गाढवोबाचं म्हणणं सांगितलं. मग मावशीने काय केलं? गाढवोबापुढे हिरव्या गवताची पेंढी टाकली. नुसती शाबास म्हणाली नाही.

मामाने चिंगीची रिकामी पुडी पाहिली. पुडी फुटाण्यांनी भरली. वर चिमूटभर लाह्या ठेवल्या.

"रोजचं गिऱ्हाईक तू," मामा म्हणाला. "चुकलंच माझं."

चिंगी घरी आली. तुरुतुरु, तुरुतुरु. पिल्लाच्या तोंडात एक लाही ठेवली. मग आणखी एक. पिल्लाने त्या चघळल्या, चघळल्या, आणि ते आईच्या कुशीत शिरलं.

आता कोणी म्हणायचं नाही, पिल्लू निजेना.
पिल्लू निजलं.