सारजाचा वाकडा बांध

ऐका तर. फार वर्षांपूर्वी सोनवती नदीकाठच्या आपल्या या बांधवाडीला बांधच नव्हता. म्हणजे घालायचे हो, पण टिकायचा नाही. घातला की पुरात गेला. पुन्हा घातला, पुन्हा गेला. आणि आपले पूर्वज कसले हट्टी! दर वेळी त्याच जागी, तसाच सरळ रेघेत. कारण गावात एक रीत होती, मोडलेल्या कामाचं नाव काढायचं नाही. अपशकुन! फुटक्या बांधाचे दगड नदीत पडलेले असायचे, त्यांना कुणी हातसुद्धा लावायचं नाही. आता विचारायचंच नाही म्हटल्यावर कळणार कसं, कपाळ!

अशाच एका पुरात बांधाबरोबर एक तरणाताठा माणूस वाहून गेला. हाती लागलाच नाही. सारजा ही त्याची बायको. आणि तो बांध घालणारा मुख्य गवंडी होता त्याचाच बाप, राघोजी. म्हाताऱ्यानं त्या दिवशी तोंड मिटलं ते मिटलंच, असं म्हणतात.

पुढं बांधाविना पाणी अडेना, विहिरी आटल्या. गावानं ठरवलं, आता इथून उठायचं. गाड्या भरल्या. सारजा मात्र हलेना. "माझा माणूस या नदीत आहे. त्याला टाकून मी कुठं जाऊ?" म्हणाली, आणि जाऊन बसली थेट नदीतल्या त्या अपशकुनी दगडांपैकी एकावर. दिसेल त्याला एकच विचारायची, "कुठून फुटला?" लोक कानांवर हात ठेवून पळायचे.

उन्हानं दगड तापला तरी बाई उठेना. अखेर राघोजी काठी टेकत कोरड्या नदीत उतरला. सुनेपुढं उभा राहून म्हणाला, "पोरी, तुझा माणूस माझ्यामुळं गेला."

"ते मला ठाऊक आहे, मामंजी," सारजा म्हणाली. "बांध कुठून फुटला, ते सांगा."

म्हातारा ढसाढसा रडला. मग बोलला. बांध मधोमध फुटला होता, पाणी थेट बांधाच्या छातीवर आलं होतं. ते ऐकून त्याच्याही आधीचा बांध घालणारा एक जख्ख म्हातारा पुढं झाला. त्याचा बांध काठाकडून सुटला होता, टोकं नुसती मातीत टेकवली होती म्हणून.

सारजानं दोघांचं ऐकलं आणि कुणी कधी पाहिला नव्हता असा बांध घालायला लावला. चक्क वाकडा! सुपाची पाठ पाण्याकडं करून धरावी, तसा, म्हणजे पाण्याचा रेटा मधोमध न बसता टोकांकडं जावा. टोकं खडकात रुतवलेली. दगड तेच, अपशकुनी. आणि मुख्य गवंडी कोण? पुन्हा राघोजीच! लोकांनी नाकं मुरडली, "वाकडी बाई, वाकडा बांध." पण गाड्या रिकाम्या करून दगड वाहिले त्यांनीच.

मग पूर आला. पाणी गर्जत बांधावर आलं आणि थबकलं. सारजाचा माणूस पाण्याखालून बांधाला खांदा लावून उभा होता, असं म्हणतात. राघोजीनं त्याला पाहिलं, असंही म्हणतात. खरंखोटं नदीला माहीत. बांध उभा आहे, एवढं मी तुम्हाला दाखवू शकतो.

अजूनही शाळेची खोली असो की लग्नाचा मांडव, गाव आधी सारजा बसली होती त्या दगडापाशी जमतं. मागचं काम ज्याच्या हातून बिघडलं, तो दगडावर बसतो. त्याच्याआधी कुणी बोलायचं नाही.

गेल्या साली पाण्याची नवी टाकी फुटली. सरपंचबाई दगडावर मान खाली घालून बसल्या, डोळे भरलेले. तेव्हा एक म्हातारी उठली, त्यांच्या तोंडात सारजाच्या नावाचा गुळाचा खडा घातला, आणि शेजारी टेकत म्हणाली, "हं, सांग बाई आता. कुठून फुटली?"