माळ्यावरच्या यंत्राची पूजा

हत्यारं एकमेकांशी बोलत असत, तेव्हाची गोष्ट. दुकानात एक छोटं, स्वस्त यंत्र होतं. त्याचं पातं थरथरत लाकूडही कापायचं आणि खिळाही. टिपणीसकाकांनी शेजारचं महागडं यंत्र बाजूला सारलं. "आमचं काम वर्षातून एखाद्या वेळचं. हेच द्या." छोटं यंत्र हरखून गेलं.

घरी येताच त्याने दाराच्या चौकटीचा फुगलेला कोपरा सफाईने कापला. काकू म्हणाल्या, "गुणाचं आहे हो!" पण तेवढ्यातच पातं बोथट झालं. नव्यासाठी काका बाजारभर फिरले. यंत्राची पातं बसवायची खाच जगावेगळी. कुठलंच पातं तिच्यात बसेना. घेताना ती कोणी पाहिलीच नव्हती. यंत्र माळ्यावर गेलं.

दर दसऱ्याला काका सगळी हत्यारं खाली काढत, हळदकुंकू वाहत, झेंडूचं फूल ठेवत. दुसऱ्या दिवशी करवतीच्या दातांवर कानस फिरवून तिला कामाला घेत. यंत्राला मात्र पुसून पुन्हा खोक्यात ठेवत.

एका दसऱ्याला यंत्राला रडू कोसळलं. "करवतआजी, माझी मोटर अजून ठणठणीत आहे गं. मला कोणी चालवतच नाही."

"वेडं कुठलं! तुझी पूजा माझ्या बरोबरीने होते. आणखी काय हवं?"

यंत्राने भिंतीकडे पाहिलं. काकांच्या दिवंगत वडिलांच्या तसबिरीला झेंडूचा ताजा हार होता.

"पूजा त्यांचीही होते, आजी," ते म्हणालं.

दुसऱ्या दिवशी काकांनी यंत्रावरचं फूल काढलं आणि खोक्याचं झाकण लावलं.