सुनेचं लोखंड

“हवा काय तुझ्या बापानं पृथ्वीवरून पिशवीत भरून आणली होती?” ठमाबाई कडाडली. “माझी सून भाजीच्या खतात जायची नाही. तिला आग मिळालीच पाहिजे.”

“आजी, आवाज खाली,” कारभारी निमकर म्हणाला. “एका प्रेतासाठी जिवंत माणसांचा श्वास जाळायचा?”

“आणि ही तुझी भट्टी काय लाडू खाऊन जळते?”

मंडळी, आत येताना तुम्ही ज्या ओबडधोबड लोखंडी गोळ्याला वळसा घातलात, तो इथून हलवत का नाहीत, असं प्रत्येक पाहुणा विचारतो. त्याचं मूळ या भांडणात आहे, असं सांगतात.

तेव्हा काळकपारी म्हणजे मंगळापलीकडे फिरणाऱ्या एका धोंड्याच्या पोटातली नवी वस्ती. श्वासापुरती हवा खडकातून पिळून काढायची, म्हणून अख्ख्या वस्तीत आग एकच, लोखंडाच्या भट्टीची. तीही लाडावलेली. इथं वजन नावालाच, त्यामुळे ज्योत वर उठत नाही. लिंबासारखी गोल होते आणि स्वतःच्याच धुरात गुदमरून मरते. ती जगवायची तर सतत वारा घालावा लागतो. यंत्रं रोज बिघडायची, मग भात्याचा लांब दांडा माणसंच ओढायची, पायांना जमिनीशी पट्टे बांधून, पाळीपाळीनं.

ठमाबाईची सून चिमणा त्या दांड्यावरच गेली. पाळी संपली तरी बदलीचं माणूस आलं नाही आणि निमकरानं तिला दांडा सोडू दिला नाही. पट्ट्यांमुळे ती जागची हललीसुद्धा नाही, म्हणे. शेजारणीला दांडा जड लागला, तेव्हा कुठं कळलं.

मेलेल्या माणसाला खतकुंडात घालायचा नियम होता. ठमाबाईनं नियम ऐकून घेतला, सुनेला पाठीशी बांधलं आणि तडक भट्टीपाशी आली. जी आग हिनं जगवली, तिनंच हिला न्यावं, एवढंच तिचं म्हणणं. लोखंड बाहेर काढा, एक पाळी भट्टी चिमणेला द्या.

“लोखंडाचा रस गोठेल, भट्टी बिघडेल,” निमकर म्हणाला. “तुझी सून काय राणी लागून गेली?”

“राणी असती तर दांडा तू ओढला असतास, मेल्या!”

दांड्यावरची माणसं हसली. निमकर लालबुंद झाला. “जो हात काढेल, त्याच्या खोलीची हवा बंद!”

हसू विरलं. ठमाबाईनं त्याच्याकडे पाठ फिरवली, त्या माणसांकडे पाहिलं आणि एकच वाक्य बोलली. भाता थांबला. एकूण एक हात वर गेले. कुणाकुणाची हवा बंद करणार? निमकर एकटाच दांड्याशी झटत राहिला, म्हणे. दांडा तसूभर हलला नाही. रस बाहेर काढेपर्यंत निम्मा गोठला, तोच हा गोळा. मग त्याच हातांनी पुन्हा भाता धरला, या वेळी चिमणेसाठी.

आजही काळकपारीत कुणी गेलं की भट्टी रिकामी करतात. त्याआधी घरातलं सर्वांत म्हातारं माणूस दांड्यासमोर उभं राहून ठमाबाईचं वाक्य म्हणतं. तिच्याच रागानं म्हणायचं. मिळमिळीत म्हटलं तर कुणी हात काढत नाही, पुन्हा म्हणायला लावतात:

“मेल्यावर ज्याला आग हवी, त्यानं आत्ता दांडा सोडावा!”