ठकूआजीच्या बोलाचे चित्र

फार मागची गोष्ट. एका नदीकाठच्या राज्यात काही बोल लोकांच्या तोंडी वर्षानुवर्षे फिरत होते. ते कुणी म्हटले, कधी म्हटले, हे कुणी विचारत नसे. एकदा राणीच्या मनात आले, की हे बोल घाटावरच्या धर्मशाळेच्या भिंतीवर लिहावेत आणि प्रत्येकाच्या वर एकेक चित्र काढावे. म्हणजे ज्यांना वाचता येत नाही, त्यांनाही ते समजतील.

हे काम सुबाना नावाच्या चिताऱ्याकडे आले. पहिलाच बोल होता, ‘नदी थांबत नाही, आपणही थांबू नये.’ सुबानाने फारसा विचार केला नाही. त्याने फेसाळती नदी काढली आणि तिच्यातून छाती काढून चालणारा एक गडी. चित्र इतके जिवंत उतरले, की बघणारे म्हणत, पाण्याचा आवाज येतो.

पुढे नदीला पूर आला. एक धनगर मेंढरे घेऊन घाटावर आला, भिंतीसमोर जरा उभा राहिला आणि सरळ पाण्यात उतरला. नावाड्यांनी त्याला कसेबसे बाहेर ओढले. त्याची अर्धी मेंढरे मात्र वाहून गेली.

सुबाना धावत आला. “अरे, एवढ्या पाण्यात उतरलास कशाला?”

धनगर म्हणाला, “मला वाचता येत नाही, दादा. चित्रातला गडी जात होता. राणीसाहेबांच्या भिंतीवर आहे, म्हणजे इथंच नदी ओलांडायचा उतार असंल असं वाटलं.”

राणीने भिंत पुसायचा हुकूम दिला. सुबानाची मान खाली गेली. आपल्या बिदागीतून त्याने धनगराला मेंढरे घेऊन दिली. पण एक प्रश्न त्याला स्वस्थ बसू देईना. ज्याने हा बोल पहिल्यांदा म्हटला, त्याच्या डोळ्यांपुढे तेव्हा काय होते?

“राणीसाहेब, भिंत पुसा,” तो म्हणाला, “पण मला थोडी सवड द्या. हे बोलणं आलं कुठून, ते बघून येतो.”

विचारत विचारत तो नदीच्या वरच्या अंगाला एका खेड्यात पोचला. लोकांनी ठकूआजीचे घर दाखवले. आजी अंगणात शेंगा सोलत होती.

“आजी, ‘नदी थांबत नाही’ हे तुमचं ना? तुम्ही कधी पुरातून गेला होतात का?”

आजी हसली. “मी? मला पाण्याचं भ्या वाटतं, बाबा. माझा लेक गेला, तेव्हा सून भिंतीला टेकून नुसती बसून असायची. तान्हं भुकेनं रडायचं. मी तिला दारात आणलं, नदी दाखवली आणि तेवढं म्हटलं. मग तिनं पोराला पदराखाली घेतलं.”

“आणि तुम्ही?”

“मी चूल पेटवली. मलाही ते कुणीतरी म्हणायला हवं होतं.”

सुबाना परतला. राणीला सगळे सांगून त्याने नवे चित्र काढले. उघडे दार, दूरवर नदी, मांडीवर तान्हे घेतलेली ओल्या डोळ्यांची बाई आणि मागे चूल फुंकणारी म्हातारी. खाली बोल तोच.

काही दिवसांनी डोक्यावर गाठोडे घेतलेली एक वाटसरू बाई तिथे थांबली. तिला अक्षर कळत नव्हते. ती बराच वेळ बघत राहिली, मग डोळे पुसून आपल्या वाटेला लागली. त्यानंतर सुबाना प्रत्येक बोलामागे असाच हिंडला. भिंत पुरी व्हायला वर्षे लागली; पण तिच्यापुढे पुन्हा कुणी फसले नाही.

म्हणून, कुणाचाही बोल चितारण्याआधी तो कुणी, कुणाला आणि कोणत्या वेळी म्हटला, हे विचारून घ्यावे.