खारभाटची अर्धी स्तुती

विषय : मौजे खारभाट येथील लग्नात स्तुतीची प्रार्थना अर्धीच म्हणण्याची प्रथा.
संदर्भ : कै. इंत्रू तरवाला. लेखी पुरावा नाही, ऐकीव भरपूर.

फार वर्षांपूर्वी, खाडीवर पूल नव्हता आणि पुलाचं आश्वासनही नव्हतं, तेव्हा वसईकडच्या खारभाट गावात इंत्रू नावाचा तरवाला राहत होता. गाव अलीकडे, चर्च पलीकडे. त्यामुळे बाप्तिस्म्याचं बाळ, लग्नाची नवरी आणि मयताची पेटी, सगळ्यांना त्याचीच होडी. तक्रार फक्त बाळं करीत, असं म्हणतात.

धुकं पडलं की इंत्रू होडीतून मोठ्यानं म्हणे, ‘पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांची स्तुती असो.’ काठावर जो असेल त्यानं उरलेलं म्हणायचं, ‘जशी आरंभी होती, तशी आता आहे आणि सर्वकाळ होत राहो. आमेन.’ त्या आवाजाच्या रोखानं तो वल्हवी. प्रार्थना काय अशी ओरडायची असते, असं फादरांनी एकदा विचारलं. इंत्रू म्हणाला, "फादर, हिच्यात आपण काही मागतच नाही. मागितलं तर उत्तराला देव लागतो. स्तुतीला शेजारी पुरतो."

फादरांनी विचार करायला मुदत मागून घेतली.

गावात आळ्या दोन आणि भांडण एक : प्रार्थनेत पुढचं, म्हणजे सुरुवातीचं अर्धं, कोणी म्हणायचं? पुढचं म्हणणारा मोठा आणि मागचं म्हणणारा त्याचा गडी, असा समज होता. वरल्या आळीचा जुजे पाटील म्हणे, मान आमचा. खालच्या आळीची केळीवाली फिलूमावशी म्हणे, घरात बायको पुढचं म्हणू देत नाही, म्हणून पाटील चर्चमध्ये येतो.

आणि पाटलाची मुलगी नातालीन फिलूमावशीच्याच मुलाला दिली. लग्न लागलं. सुनेच्या स्वागताला मावशी गावात थांबली होती. पुढे असण्याच्या सवयीनं पाटील पहिल्याच खेपेला परतला. दुसऱ्या खेपेला नवरा-नवरी निघाली आणि भर दुपारी असं धुकं उतरलं, की नवरीला नवरा दिसेना.

ओहोटी लागली होती. पाणी होडीला खाडीच्या तोंडाशी, खडकांकडे ओढत होतं. इंत्रूनं पुढचं म्हटलं. काठावर पाटलानं ते ऐकलं आणि आळीचा मान राखायला पुढचंच ठणकावलं. खालची आळी मागे कशी राहील? तिनंही खाडीच्या वळणावरून पुढचंच म्हटलं. आता पुढचं म्हणते ती होडी, हे इंत्रूच्या हाडात मुरलेलं. त्याला वाटलं, आपल्याभोवती आणखी होड्या चुकल्यात. टक्कर नको म्हणून तो काठापासून लांब वल्हवू लागला.

त्याची हाक बारीक होत गेली. ते पहिल्यांदा फिलूमावशीच्या ध्यानात आलं. तिनं आपल्या आळीला गप्प केलं आणि पाटलाच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

"पाटील, पुढचा पाण्यात आहे. मागचं म्हणायला कुणी मरत नाही. न म्हटल्यानं आज पोरं मरतील."

आणि जन्मात पहिल्यांदा तिनं मागचं म्हटलं. मग पाटलानं, फाटक्या आवाजात. मग सगळ्या काठानं.

धुकं होडीपुरतं फाटलं, आणि एका आमेनपुरती ओहोटी थांबली, असं म्हणतात. तशी नोंद कुठल्या दप्तरात नाही. पण ओहोटीनं हजेरीपटावर सही कधी केली आहे? होडी मावशीच्या पायाशी लागली. नातालीन उतरली आणि म्हणाली, "आई, तुमच्या आवाजाची माहेरी फार निंदा केली. आता नाही करणार."

पुढे म्हातारा इंत्रू एकदा धुक्यात एकटाच गेला. होडी परत आली, वल्ही नीट आत घेतलेली. इंत्रू आला नाही. धुक्याच्या दिवशी खाडीतून पुढचं अजून ऐकू येतं, असं म्हणतात. म्हणून खारभाटच्या लग्नात पुढचं कोणी म्हणत नाही. सगळे क्षणभर थांबतात आणि मागचं म्हणतात. एका नव्या फादरांना वाटलं, यांना पुढचं येत नसावं. त्यांनी ते शिकवलं. लोकांनी शहाण्यासारखं पाठ केलं, म्हणून दाखवलं, आणि पुढच्या लग्नात तिथं पुन्हा गप्प राहिले.

आता पूल झाला आहे. त्याला इंत्रूचं नाव द्यावं, असा अर्ज दोन्ही आळ्यांनी मिळून केला. पहिली सही कोणाची, यावर थोडं जुनं भांडण झालं. शेवटी ती जागा रिकामी सोडून खाली सगळ्यांनी सह्या केल्या. प्रथम अर्जदाराची सही नाही, पूर्तता करावी, असा शेरा मारून कार्यालयानं अर्ज परत पाठवला. प्रथम अर्जदार पाण्यात आहेत, असं गावानं कळवलं.

अर्ज प्रलंबित आहे.